भाऊचा साहेब झाला तेव्हा: वडोदऱ्याच्या एका वाइंडिंग शॉपमधलं प्रकरण

पार्श्वभूमी

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मर बनवणारा एक मध्यम कारखाना आहे. साधारण साठ माणसं. मी तिथे अठरा वर्षं माणसांचं खातं बघते: भरती, हजेरी, पीएफ, ईएसआय, रजा आणि भांडणं. गुजराती मंडळी मला बेन म्हणतात, मराठी मंडळी ताई. या प्रकरणातल्या दोघांनाही विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

पहिले काका. वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या कॉइल गुंडाळायच्या शॉपमध्ये, एकतीस वर्षं. दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढले, आता मांजलपूरला राहतात. वय सत्तावन्न. एच.व्ही. म्हणजे उच्च दाबाची कॉइल गुंडाळताना तार त्यांच्या अंगठा आणि तर्जनीतून सरकत जाते. तारेवरच्या इनॅमलच्या लेपाला कुठे बारीकसा ओरखडा असला की अंगठा थांबतो, मग मशीन थांबतं. तेवढी जागा ते कागदाने बांधून घेतात आणि पुढे जातात. हे कुठल्याही जॉब कार्डवर लिहिलेलं नसतं. शेजारच्या मशीनवरचा मुलगा चुकला तर तिथूनच आवाज द्यायचे, ‘अरे, कडेचा वेढा उतरला बघ.’ तेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

दुसरा आमचा प्रॉडक्शन इन्चार्ज. एकोणतीस वर्षांचा, वडोदऱ्यातलाच मराठी मुलगा. महाराज सयाजीराव विद्यापीठातून इंजिनिअर झालेला. सयाजीरावांनी १८९० साली हस्तकौशल्य आणि तंत्र शिकवायला कलाभवन काढलं, त्यातूनच ही शाखा वाढली. तो रुजू झाला त्या दिवशी काका मला म्हणाले होते, ‘ताई, आमच्या कलाभवनचा पोरगा आलाय.’ त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो. पहिल्या दिवसापासून ते त्याला ‘भाऊ’ म्हणायचे. ‘काय भाऊ, चहा झाला का?’ तो त्यांना काका म्हणायचा. दोन वर्षं हे असंच चाललं.

त्या दिवशी काय झालं

अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस झाले होते. १०० केव्हीएच्या बारा ट्रान्सफॉर्मरची डिलिव्हरी जवळ आली होती आणि उशीर झाला तर दर आठवड्याला दंड होता. टेस्टिंगमधून निरोप आला की रेशो टेस्टमध्ये, म्हणजे गुणोत्तराच्या चाचणीत, तीन नग बाद झालेत.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. ११,००० व्होल्टचे ४३३ करणाऱ्या या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन फेजमध्ये ४३३ व्होल्ट म्हणजे एका फेजला २५०, म्हणून एका फेजचं गुणोत्तर ११,००० ला २५०, म्हणजे ४४ ला १ असं धरतात. त्यात अर्धा टक्का इकडेतिकडे चालतं. एच.व्ही.ला एका लिंबवर, म्हणजे गाभ्याच्या एका खांबावर, सुमारे ३,००० वेढे असतील तर साधारण पंधरा वेढ्यांची चूक खपते, पंचवीस वेढ्यांची खपत नाही. वेढे मशीनवरचा काउंटर मोजतो. चूक निघाली की जुळणी सोडायची, कॉइल उतरवायची, नवी गुंडाळायची. दोन-तीन दिवस जातात.

तीनपैकी दोन नगांच्या जॉब कार्डवर काकांची सही होती. इन्चार्ज कार्डं हातात घेऊन थेट शॉपमध्ये गेला. नऊ माणसं कामावर होती. तो ओरडला, ‘काका, काउंटरवरचे आकडे दिसत नाहीत का तुम्हाला? दिसत नसतील तर घरी बसा!’

एक शिकाऊ मुलगा फिस्सकन हसला. काकांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि म्हणाले, ‘बरं साहेब.’

मी तिथे नव्हते. पण ‘साहेब’ हा शब्द मला त्या दिवशी तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितला आणि तिघांनीही तो आवाज खाली आणून उच्चारला. मी ऐकलं आणि हजेरीच्या कामाला लागले.

तीन आठवड्यांची शांतता

पुढचे काही दिवस शॉप अगदी गप्प होतं. इन्चार्ज मला म्हणाला, ‘बघा ताई, एकदा बोलावं लागतं. आता कशी शिस्त आली.’ काका वेळेवर येत, कार्डावर लिहिलं असेल तेवढंच काम करत आणि वेळ झाली की जात. त्याला साहेब म्हणत. त्याला तो मान वाटला.

मलाही पहिला आठवडाभर तेच वाटलं. कुणी तक्रार केली नाही, माझ्यापर्यंत कागद आला नाही, म्हणजे मिटलं असं मी धरलं.

‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना पीटर सॅलोवी आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली मांडली. पुढे १९९७ मध्ये त्यांनी तिचे चार भाग केले: भावना ओळखणं, विचार करताना तिचा उपयोग करणं, ती कशातून आली आणि कुठे जाईल हे समजणं, आणि ती हाताळणं. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत बहुतेक वेळ चौथ्या भागावर जातो: राग आवरा, श्वास घ्या, हसतमुख राहा. आमचं गाडं पहिल्याच भागावर अडलं होतं. भाऊचा साहेब झाला होता आणि त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही लागला नाही.

दुसऱ्या आठवड्यात नवीन मुलांच्या कॉइल बाद होऊ लागल्या. कुठे कडेचे वेढे घसरलेले, कुठे दोन थरांमधला कागद कमी पडलेला. काकांच्या कॉइल मात्र ठीक होत्या. टेस्टिंगचा माणूस म्हणाला, ‘बेन, हे लोक अचानक काम विसरले का?’ विसरले नव्हते. एकतीस वर्षं शेजारून येणारा आवाज बंद झाला होता.

मग मी काकांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला ते, मध्ये फायली. विचारलं, ‘काका, काही राग आहे का मनात?’

‘नाही ताई. सगळं बरोबर आहे.’

या पद्धतीने विचारलं तर दुसरं उत्तर येत नाही. एकतीस वर्षांत केबिनमध्ये त्यांना बोलावलं गेलं ते सह्या करायला किंवा ऐकून घ्यायला. माझा प्रश्नही त्यातच मोडला.

नवरात्र सुरू झालं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. ‘ताई, ह्यांचं कारखान्यात काही झालंय का? पेपर वाचत नाहीत, म्हणतात त्यात काही नसतं. स्कूटर लावून ठेवलीय, शटल रिक्षाने जातात. मला वाटतं माझ्यावरच रागावलेत. घरात कुणाशी बोलतच नाहीत.’

पेपर आणि स्कूटर. मला तिथे काहीतरी खटकलं. माणूस रागावला तर बोलणं सोडतो. स्कूटर का सोडेल?

समोर असलेले पर्याय

एव्हाना शेठपर्यंत गोष्ट गेली होती, कारण बाद कॉइलींच्या तांब्याचा हिशेब तिथे जातो. तिघांची मतं तीन निघाली.

शेठ म्हणाले, ‘जवा दो ने, बेन.’ वर्षभरात काका निवृत्त होतील, कशाला ओढायचं? हा पर्याय वाटतो तितका निष्काळजी नव्हता. म्हाताऱ्या माणसाला आणखी त्रास नको, एवढाच त्यांचा भाव होता. पण शॉपला जे येतं ते काकांच्या बोटांत होतं आणि वर्षभर ते गप्प राहिले असते तर ते त्यांच्याबरोबरच घरी गेलं असतं.

इन्चार्जला लेखी नोटीस हवी होती. दोन कार्डांवर सही आहे, चूक सिद्ध आहे, नोंद होऊ दे. काकांना स्टोअरला बदलून टाका, तिथे डोळे नकोत आणि वेढेही नकोत. खरं सांगायचं तर नियमाने हे बसत होतं. माझ्यापुढे मसुदाही तयार होता.

तिसरा पर्याय माझा होता, आणि तोही कच्चा होता: दोघांना समोरासमोर बसवायचं आणि मिटवायचं. असं मिटवणं मी पूर्वी पुष्कळ केलंय. धाकटा ‘सॉरी’ म्हणतो, थोरला ‘जाऊ दे’ म्हणतो, हात मिळवतात आणि महिन्याभरात दोघांपैकी एक राजीनामा देतो.

नोटिशीचा मसुदा पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं की चुकीचं कारण कुणी शोधलेलंच नव्हतं. तीन नग बाद झाले, दोन काकांचे. मग तिसरा कुणाचा? त्या कॉइली कुठल्या मशीनवर गुंडाळल्या होत्या? रागाने पहिल्या पाच मिनिटांत गुन्हेगार दिला होता, त्यामुळे पुढची चौकशी कुणालाच गरजेची वाटली नव्हती. मी नोटीस थांबवली.

काय केलं

मी चहाच्या सुट्टीत शॉपमध्ये जाऊ लागले. काही विचारायचं नाही, नुसतं स्टुलावर बसायचं. दुसऱ्या दिवशी दिसलं की काकांनी मशीन खिडकीकडे वळवून घेतलंय. जॉब कार्ड हातभर लांब धरून, मान तिरकी करून ते वाचत होते. काउंटरजवळ वाकताना उजवा डोळा मिटत होते.

त्या संध्याकाळी गेटपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले. नवरात्राबद्दल बोलले. नात गरब्याला जाते का, विचारलं. ते म्हणाले, ‘जाते की. परवा सोसायटीच्या मैदानावर घेऊन गेलो होतो.’ मग थोडं थांबले. ‘ताई, प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसतं. सगळ्या पोरी सारख्याच घागऱ्यातल्या. नात कुठली, कळेना मला. घाबरलो.’

मोतीबिंदूची सुरुवात होती. चार महिने लपवली होती. डोळा गेला म्हटलं तर वाइंडरला कोण ठेवणार, ही भीती. आणि त्या दिवशी इन्चार्जने सगळ्यांसमोर रागाच्या भरात शब्द फेकला तो नेमका तिथेच लागला. त्याला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. काकांना मात्र वाटलं की सगळ्यांना कळलंय.

मग ते म्हणाले, ‘ताई, शेठना सांगू नका.’

या प्रकरणातली सगळ्यांत अवघड जागा माझ्यासाठी ही होती. शब्द दिला तर उद्या चुकीची कॉइल जाईल. शब्द दिला नाही तर हा माणूस पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. मी सरळ सांगितलं, ‘काका, न तपासलेली मोजणी मी जाऊ देऊ शकत नाही. पण तुमचं नाव न घेता ती सगळ्यांचीच तपासली जाईल, एवढं करते. आठवड्याभरात तुम्ही डोळे दाखवायचे. आणि भाऊला तुम्ही स्वतः सांगायचं, जमेल तेव्हा.’ त्यांनी मान हलवली. ‘भाऊ’ हा शब्द मी वापरला, त्यांनी नाही.

दुसऱ्याच दिवशी सहाही मशीनवर नवे दिवे लावायला घेतले आणि प्रत्येक कॉइलची मोजणी हेल्परने मोठ्याने बोलून पडताळायची, असं ठरवलं. मेंटेनन्सला काउंटर तपासायला सांगितले. तीन नंबरच्या मशीनचा काउंटर मधूनच आकडा गाळत होता. बाद झालेल्या दोन कॉइली त्या मशीनवरच्या होत्या, त्यातली एक काकांची आणि एक दुसऱ्याची. काकांची दुसरी कॉइल मात्र खरोखर वाचण्यातली चूक होती.

आता इन्चार्ज. तो सुरुवातीला अडला. ‘मी खोटं काय बोललो, ताई? आकडे चुकलेच होते.’ मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं की शॉपमध्ये जाण्याआधीच्या दहा मिनिटांत काय काय झालं ते सांग. तो आठवू लागला. ग्राहकाचा फोन आला होता. मग शेठचा. मग टेस्टिंगचा निरोप. ‘कानशिलं तापली होती. पोटात गोळा आला होता.’ मी म्हटलं, हा राग होता? बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘भीती होती. वाटलं, हे खातं आता माझ्याकडून काढून घेतील.’

भावनेला नेमकं नाव दिलं की तिचा जोर उतरतो, हे जुन्या माणसांना अनुभवाने ठाऊक असतं. २००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी ते मेंदूत बघितलं: भावना दिसणाऱ्या चेहऱ्यांसाठी लोकांनी योग्य शब्द निवडला तेव्हा अमिग्डाला या धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची हालचाल कमी झाली. आमच्या केबिनमध्ये मेंदू बघणारं मशीन नव्हतं. पण ‘भीती’ म्हटल्यावर त्याचे खांदे खाली आले, हे मी पाहिलं. तो पुढे स्वतःच म्हणाला, ‘म्हणजे मी घाबरलो आणि बोलणी त्यांना बसली.’

काउंटरचा अहवाल मी त्यानंतर त्याच्यापुढे ठेवला. आधी ठेवला असता तर तो बचावात गुंतला असता, असं मला वाटतं.

माफी कशी मागायची यावर आमची बरीच चर्चा झाली. त्याला केबिनमध्ये मागायची होती. मी म्हटलं, अपमान नऊ जणांसमोर झालाय, माफी बंद दाराआड कशी पुरेल? मग त्याने सुचवलं, दसऱ्याला मागतो. दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा होते, झेंडूच्या माळा लागतात आणि नारळ दरवर्षी काका फोडतात. मलाही क्षणभर पटलं. मग जाणवलं की सणाच्या दिवशी, देवासमोर, पेढ्याचं ताट हातात असताना काका ‘नाही’ म्हणूच शकणार नाहीत. ज्याला नाकारता येत नाही त्याच्याकडून मिळालेली क्षमा काय कामाची? दसरा जाऊ दिला. त्या वर्षी काकांनी नारळ दुसऱ्याच्या हातात दिला आणि मागे उभे राहिले. बघून गलबलून आलं, पण तसंच जाऊ दिलं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, भर कामाच्या वेळेत, तो शॉपमध्ये गेला. मशीन थांबेपर्यंत उभा राहिला. म्हणाला, ‘काका, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं. एक कॉइल तुमची चुकली होती, एक काउंटरची. पण मी जे बोललो ते कॉइलबद्दल नव्हतंच. मी घाबरलो होतो.’ ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ असली शेपटी त्याने लावली नाही. याचा मला अभिमान वाटतो.

काका काही वेळ तारेकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तीन नंबरचा काउंटर दुरुस्त नका करू. नवीनच बसवा.’

एवढंच. कुणी गळ्यात पडलं नाही.

निष्पत्ती

चार दिवसांनी काकांनी त्याला डोळ्यांचं सांगितलं. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं, भिंग बसवलं, महिन्याभराने ते कामावर आले. मधल्या काळात हेल्परने आकडा बोलायचा आणि काकांनी थर लावायचे, असं चाललं. हाताला डोळ्याची जितकी गरज आम्ही धरली होती तितकी नव्हती. काकूंना मात्र सगळं शेवटी कळलं आणि त्या माझ्यावर थोड्या रागावल्या. ‘महिनाभर मी स्वतःला दोष देत होते, ताई.’ त्यांचं बरोबर होतं. घरात जी शांतता पसरली तिचा हिशेब आम्ही कुणी धरलाच नव्हता.

नवीन मुलांच्या बाद कॉइली कमी झाल्या. त्याचं सगळं श्रेय मी समेटाला देणार नाही. दिवे आणि काउंटर यांचाही त्यात मोठा वाटा आहे. मन जपलं की सगळं जमतं, असं माझं म्हणणं नाही. खराब काउंटर कुणाच्या समजूतदारपणाने बरोबर मोजत नाही. पण तो खराब आहे हे कळायला आधी राग बाजूला व्हावा लागला.

एक मुलगा त्या तीन आठवड्यांतच सोडून गेला. चांगला हात होता त्याचा. जाताना म्हणाला, ‘जिथे काकांना असं बोलतात तिथे माझं काय?’ ते नुकसान भरून निघालं नाही.

इन्चार्जचा आवाज अजूनही चढतो. फरक एवढाच की नग बाद झाला की तो आधी टेस्टिंगमध्ये जाऊन तक्ता बघतो, मशीन नंबर विचारतो आणि मग शॉपमध्ये उतरतो. आणि काका त्याला पुन्हा भाऊ म्हणतात, पण रोज नाही.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्यापुरतं सांगते. ‘बरं साहेब’ हे शब्द मला पहिल्याच दिवशी तिघांनी सांगितले होते. त्याच संध्याकाळी मी गेटपर्यंत चालत गेले असते तर कदाचित वीस दिवस वाचले असते, आणि तो मुलगाही. तक्रारीचा कागद येण्याची वाट बघणं ही माझ्या खात्याची सवय आहे. ज्याला सर्वांत जास्त लागतं तो बहुधा कागद देत नाही.

राग गिळून काम करणं हेही काही फुकट होत नाही. जेन रिचर्ड्स आणि जेम्स ग्रॉस यांनी २००० साली दाखवलं की चेहऱ्यावर भावना न दिसू देण्याची धडपड चालू असताना समोर घडणारं माणसाच्या कमी लक्षात राहतं. ज्या कामात तीन हजारांपर्यंत मोजायचं असतं तिथे याचा अर्थ काय होतो, हे मी आता नव्या सुपरवायझरांना सांगते. काकांना गप्प बसवून आम्ही चुकीची शक्यता वाढवत होतो.

डोळ्यांची तपासणी मी आता सगळ्या वाइंडरांची दरवर्षी करून घेते. निकाल काही आला तरी काम जाणार नाही, हे शेठकडून आधी लिहून घेतलं. हे अठरा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. भीतीपोटी लपवावं लागेल अशी जागाच ठेवायला नको होती.

आणि त्या हसलेल्या मुलाचं मी काहीच केलं नाही, हे मला टोचतं. इन्चार्जने माफी मागितली तेव्हा तो तिथेच उभा होता. त्यालाही काही बोलायचं असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. काका आता दोन मुलांना शेजारी बसवून शिकवतात, तार बोटांतून कशी सोडायची, ओरखडा अंगठ्याला कसा लागतो ते दाखवतात. तिसऱ्याला बोलावत नाहीत. तो पाच नंबरच्या मशीनवरून बघत असतो. काकांचे सात महिने उरलेत.